कसेल त्याचा वाफा

ज्यांना नेरूळ ठाऊक आहे ते केवळ सेक्टरांच्या आकड्यांनी, स्थानकाच्या पूर्व-पश्चिम दिशांनी आणि पामबीच मार्गावरील वाहनांच्या वेगाने, त्यांना या वस्तीच्या पायाखाली नेमके काय आहे असा प्रश्न सहसा पडत नाही; आणि पडलाच तर तो इमारतीचा पाया किती खोल, एवढ्यापुरताच पडतो. परंतु ज्याने येथील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात मूठभर मेथी पेरून पाहिली असेल, त्याला त्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून राहत नाही. कुदळ वीतभर खाली जाते न जाते तोच मुरुमाचा खणखणाट सुरू होतो. त्याच्याखाली बांधकामाच्या वेळी पुरलेले विटांचे, फरशांचे आणि वाळलेल्या सिमेंटचे तुकडे हाती लागतात. आणि खाडीच्या बाजूच्या सेक्टरांत आणखी खाली गेले, तर काळा, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारा आणि पृष्ठभागावर क्षाराची पांढरी पुटे आणणारा समुद्राचा चिखल लागतो. भाजीपाला ज्या मातीत वाढावा ती माती या भूमीवर जवळजवळ नाहीच. म्हणूनच जमिनीवर उंच उचललेला, चारी बाजूंनी बांधून काढलेला आणि बाहेरून आणलेल्या वा घरच्या घरी तयार केलेल्या मातीने भरलेला गादीवाफा हा नेरूळकरांच्या दृष्टीने हौसेचा प्रकार नसून भाजी पिकविण्याचा बहुधा एकमेव शहाणपणाचा मार्ग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मताला येथील भूमीच्याच इतिहासाचा आधार आहे. नवी मुंबई वसविण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंच्याण्णव गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्यापूर्वी नेरूळ, सारसोळे, कुकशेत, शिरवणे, दारावे, करावे या गावांतील आगरी-कोळी कुटुंबे याच चिखलाच्या कडेने पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवीत आणि खाडीत मासे धरीत आली होती. भरतीचे पाणी अडविण्यासाठी बांध घालायचा, त्या बांधाला उघाडी ठेवायची, आषाढ-श्रावणातील गोड्या पाण्याने खाचरांतले मीठ धुऊन काढायचे आणि ओहोटीच्या वेळी ते खारे पाणी उघाडीतून बाहेर सोडायचे, ही विद्या त्यांनी कोणत्याही विद्यापीठात शिकलेली नव्हती. मुंबई सरकारने १९४८ साली खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला तो याच विद्येची दखल घेऊन. आणि पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ हे क्षार सोसणारे भाताचे वाण काढले, तेव्हा ‘राता’ या जुन्या तांबड्या भाताचा अनुभव परिसरात होताच. गोडी माती खाऱ्या पाण्यापासून वेगळी राखायची, हे या साऱ्या खटाटोपाचे सूत्र. गादीवाफ्याचे सूत्रही तेच. फरक इतकाच की खाचराचा बांध एकरांना वेढतो आणि वाफ्याची कड चार हातांत संपते.

जमीन देताना या गावांनी किती मोजले, याचा विसर मात्र शेतीचा शौक करणाऱ्या शहरी माणसाला पडू नये. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून पुढे आली. ज्या जमिनीवरून भातशेती उठली तिच्यावर आज आपण लॉन पिकवतो, ही गोष्ट मला नेहमीच विचित्र वाटत आली आहे. परदेशी गवताची हिरवी सतरंजी, तिच्यावर ‘पाय ठेवू नये’ अशी पाटी, तिच्याकडे पाहणारे दोन सिमेंटचे बाक आणि उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक: संस्थेच्या आवाराची आपली कल्पना येथे येऊन थांबते. ती सतरंजी उन्हाळाभर पाणी पिते; त्या मोबदल्यात कोथिंबिरीची एक काडीही देत नाही; आणि तिला कोणी आक्षेप घेत नाही, कारण ती सुंदर आहे असे आपण एकदा ठरवून टाकले आहे. उलट चार वांगी लावण्याचा प्रस्ताव येताच कार्यकारी समितीच्या बैठकीत डासांपासून विम्यापर्यंत सर्व विषय निघतात.

वाफा बांधावा कसा, याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण यातील बहुतेक चुका पहिल्याच दिवशी होतात आणि त्यांचा जाच पुढे अनेक वर्षे सोसावा लागतो. रुंदी चार फुटांपेक्षा अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि मातीवर पाय देण्याची पाळी येत नाही. भिंतीला टेकून वाफा असेल तर दोन फुटांवर थांबावे. वाफ्यातील माती एकदा तुडवली गेली की तिच्यातील हवा गेली, आणि हवा गेली म्हणजे मुळे गेली. लांबी जागेप्रमाणे ठेवावी. दोन वाफ्यांमधील वाट मात्र दीड-दोन फुटांची असलीच पाहिजे, कारण ती वाट केवळ चालण्यासाठी नसून टोपली, झारी आणि गुडघे दुखणाऱ्या वृद्धांचे स्टूल यांच्यासाठीही असते. उंची पालेभाज्यांना एक फूट पुरे. वांगी, टोमॅटो, भेंडी अशा खोल मुळांच्या भाज्यांना दीड फूट असल्यास उत्तम. वाफ्याची लांब बाजू शक्यतो दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे मांडवावरच्या वेलांची सावली दिवसभर एकाच बाजूच्या रोपांवर पडत नाही. सूर्यप्रकाश पाच-सहा तासांपेक्षा कमी असेल, आणि उंच इमारतींच्या दाटीत तो अनेकदा असतोच, तर टोमॅटोचा हट्ट सोडून अळू, पुदिना, माठ यांवर समाधान मानावे.

कडा कशाच्या कराव्यात, याबद्दल नियतकालिकांतील सुंदर चित्रे पाहून लाकडाचा मोह होतो. कोकणच्या हवेत तो मोह महागात पडतो: जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस अंगावर घेणारी फळी दोन-तीन वर्षांत कुजते, आणि कुजली नाही तर वाळवीच्या स्वाधीन होते. जुने रेल्वेचे स्लीपर वापरण्याची सूचना काही उत्साही मंडळी करतात. परंतु ते डांबरवर्गीय तेलात बुडवून मुरवलेले असतात आणि खाण्याच्या भाजीशेजारी त्यांना जागा देणे मुळीच इष्ट नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा जांभ्याचा चिरा मिळाला तर त्याहून उत्तम काही नाही. तो पाऊस पितो, श्वास घेतो आणि वर्षागणिक अधिकच कणखर होतो. न मिळाल्यास भाजक्या विटा, किंवा आवार दुरुस्त करताना उखडलेले जुने पेव्हर ब्लॉक उभे रोवावेत. त्या निरुपयोगी ब्लॉकांना आयुष्यात प्रथमच काही सत्कार्य लाभेल.

तळाची तजवीज हा नेरूळचा खास विषय आहे. खाली मुरूम असेल तर तो पहारीने फोडून मोकळा करावा, म्हणजे पावसाचे पाणी वाफ्यात न तुंबता खाली उतरते. खाली खाडीचा चिखल जवळ असेल तर मात्र मार्च-एप्रिलच्या उन्हात मातीतील सूक्ष्म नलिकांतून खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि बाष्पीभवनानंतर मीठ मुळांजवळ साठून राहते. अशा जागी तळाशी चार-पाच इंच फुटक्या विटांचा किंवा खडीचा थर द्यावा, कारण मोठ्या पोकळ्यांतून ते पाणी वर येऊ शकत नाही. त्यावर नारळाची सोडणे उताणी अंथरावीत. ती पाणी धरून ठेवतात आणि कालांतराने स्वतःच खत होतात. माडाच्या मुळाशी सोडणे पुरण्याची कोकणातील रीत यासाठीच आहे. त्याच्यावर एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत वा कंपोस्ट आणि एक भाग वाळका पालापाचोळा असे मिश्रण भरावे. रोपवाटिकेतून पोत्याने येणाऱ्या लाल मातीवर सर्व भिस्त ठेवणाऱ्याची पहिल्या पावसातच निराशा होते, कारण ती एकटी असली म्हणजे थापून दगडासारखी बसते.

आता गच्चीविषयी. जमिनीवर जागा नाही म्हणून गच्चीवर वाफे बांधण्याचे बेत ठिकठिकाणी चालू असतात, आणि या बाबतीत मी स्पष्टपणे विरोधी पक्षात आहे. चार फूट रुंद, आठ फूट लांब आणि एक फूट उंच अशा एका वाफ्यातील भिजलेल्या मातीचे वजन सुमारे दीड टन भरते. नेरूळमधील सिडकोच्या जुन्या इमारतींचे स्लॅब, ज्यांचे पापुद्रे आपण दर पावसाळ्यात गोळा करतो, असा भार वाहण्यासाठी बांधलेले नाहीत. गच्चीवर शेती अशक्य आहे असे मात्र नव्हे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभारून आणि ‘विपुलाच सृष्टी’ लिहून सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि निरीक्षण यांच्या भांडवलावर अल्प जागेत किती पिकू शकते याचे गणित सामान्य माणसांना करून दाखविले. त्यांच्याच विचारसरणीतून मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी मातीऐवजी मुख्यतः उसाची चिपाडे वापरून गच्चीवर बाग फुलविली, आणि मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर फळझाडे-भाज्या वाढल्या. या तिन्ही उदाहरणांचे मर्म भार हलका ठेवण्यात आहे. ते ध्यानात न घेता वर विटांचे चौकोन बांधणारा गृहस्थ शेजाऱ्याच्या छताशी जुगार खेळत असतो.

वाफा एकदा भरला की काम संपले, असा आपला समज असतो, आणि उद्घाटनाचे छायाचित्र काढून झाल्यावर तो समज दृढ होतो. वास्तविक काम तेथून सुरू होते. पालापाचोळा कुजत जातो तसतशी वाफ्यातील माती दरवर्षी काही इंच खचते. ती भरून काढली नाही तर तिसऱ्या वर्षी वाफ्याच्या जागी केवळ कठडा उरतो. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या धारा वरची माती चोपून काढतात आणि नत्र धुऊन नेतात, म्हणून जूनपूर्वीच वाळक्या पानांचे किंवा भाताच्या पेंढ्याचे आच्छादन घालावे. या ऋतूत मेथी-कोथिंबिरीचा नाद करू नये. हा काळ मांडवाचा आहे. बांबूचा किंवा तारेचा मांडव करून पडवळ, शिराळी, कारली, काकडी चढवावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणच्या हवामानासाठी काढलेले ‘कोकण श्वेता’ पडवळ आणि ‘कोकण तारा’ कारले हे वाण या कामी आहेत. वेलांना फळमाशी त्रास देणारच. फळे कागदाच्या पिशवीत झाकावीत आणि कामगंध सापळा टांगावा. गोगलगायी मात्र रात्री विजेरी घेऊन हातांनीच वेचाव्या लागतात, याला पर्याय नाही. सप्टेंबरअखेर वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे गादीवाफ्याच्या एका कोपऱ्यात तयार करावीत. दिवाळीनंतर मुळा, पालक, मेथी. उन्हाळ्यात माठ, चवळी, गवार. वरील मापाच्या एका वाफ्याला उन्हाळ्यात दिवसाला सुमारे पंधरा लिटर, म्हणजे एक बादली पाणी पुरते, आणि आच्छादन असेल तर त्याहूनही कमी. मोरबे धरणाचे शुद्ध केलेले पाणी लॉनवर फवारणाऱ्या संस्थेने पाण्याची सबब सांगू नये.

या सर्व कामाचा कणा कोणती एक गोष्ट असेल तर ती म्हणजे जबाबदारी, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा येथे आहे. सार्वजनिक वाफे बांधून ते ‘सर्वांचे’ म्हणून जाहीर करणे हा त्यांच्या मरणाचा हुकूमच होय. पहिल्या हिवाळ्यात वीस माणसे झारी घेऊन येतात, दुसऱ्यात चार, आणि तिसऱ्यात सुरक्षारक्षकाला वरकड काम म्हणून ते सोपविले जातात. टोमॅटो पिकले की मात्र मालक पुन्हा वीस होतात. म्हणून वाफा कुटुंबाच्या नावे द्यावा. एका वर्षाच्या मुदतीने, नाममात्र भाड्याने आणि लेखी शर्तींवर द्यावा. आणि जो वाफा पडीक ठेवील त्याचा हक्क मुदतीअंती रद्द करून प्रतीक्षायादीतील पुढील अर्जदारास द्यावा. हे तत्त्व आपल्याला परके नाही. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतांविरुद्ध सुरू झालेला कुळांचा संप जवळजवळ सहा वर्षे टिकला. पुढे १९४८ चा कूळकायदा झाला, आणि त्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्याला मालक मानण्यासाठी मुक्रर झाला. जमीन कसणाऱ्याच्या हाती असली पाहिजे, हे ज्या मुलखाने एवढ्या किमतीने शिकले, त्याने बत्तीस चौरस फुटांच्या वाफ्याबाबत ते विसरावे हे बरे नव्हे. येथे मालकी संस्थेचीच राहील, यात शंका नाही. कसण्याचा हक्क मात्र ठरावीक माणसाचा आणि ठरावीक मुदतीचा असावा.

इंग्लंडने हेच केले. १९०८ च्या कायद्याने तेथील स्थानिक संस्थांवर मागणी असेल तेथे नागरिकांना भाजीपाल्याचे तुकडे भाड्याने देण्याचे बंधन आले, आणि आजही तेथील शहरांच्या कडेला असे तुकडे आणि त्यांच्या प्रतीक्षायाद्या आढळतात. क्यूबाची कथा अधिक बोधक आहे. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि तेथून येणारे इंधन व रासायनिक खत आटले, तेव्हा हवाना शहरात रिकाम्या आणि नापीक भूखंडांवर लांबच लांब कठडे बांधून, त्यांत कंपोस्ट व माती भरून भाजी पिकविली गेली. तेथेही खालची जमीन भाजीच्या लायक नव्हती. आपण अन्नटंचाईत नाही, ही गोष्ट खरी; परंतु टंचाई आल्यावर माती तयार करायला घेणाऱ्याची भाजी दोन वर्षांनी तयार होते.

आक्षेपांपैकी डासांचा आक्षेप सर्वांत मोठ्याने घेतला जातो, आणि तो सर्वांत दुबळा आहे. डास साचलेल्या पाण्यात वाढतात. निचरा होणाऱ्या वाफ्यात पाणी साचत नाही, ते साचते कुंड्यांखालच्या त्या शोभिवंत बश्यांत, ज्यांबद्दल महापालिकेचे कर्मचारी दर पावसाळ्यात आपल्याला बजावून जातात. घुशींचा आक्षेप खरा आहे. त्यासाठी तळाशी बारीक जाळी घालावी आणि ओला कचरा उघडा टाकू नये. भाजी बाजारात स्वस्त मिळते मग हा उपद्व्याप कशाला, या आक्षेपाला मी हिशेबाने उत्तर देणार नाही, कारण हिशेबात तो आक्षेप जिंकेल. वाशीच्या घाऊक बाजाराची बरोबरी कोणताही वाफा करू शकत नाही. पण लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेला दिसणारा पालक आणि लाल माठ, जो रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी दिलेल्या पट्ट्यांवर पिकतो आणि अनेक ठिकाणी नाल्याच्या पाण्यावर पोसला जातो असे वर्षानुवर्षे छापून आले आहे, तो पाहून ज्यांच्या घशाखाली भाजीचा घास उतरत नाही, त्यांना आपल्या पालकाने कोणते पाणी प्यायले हे ठाऊक असणे याची किंमत कळते.

कच्च्या मालाची तर आपल्याकडे रेलचेलच आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी मोठ्या गृहसंकुलांवर ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावण्याचे बंधन घातले. त्यातून तयार झालेले खत पुष्कळ ठिकाणी पोत्यांत बंद होऊन वाहनतळाच्या कोपऱ्यात पडून असते, कारण कायद्याने ते तयार करायला लावले, पण वापरायला जागा दिली नाही. तुर्भ्याच्या क्षेपणभूमीकडे जाणारा ओला कचरा वाचविल्याबद्दल महापालिका अशा संस्थांना प्रोत्साहन देते, तसेच त्या खतावर भाजी पिकविणाऱ्या संस्थांच्या मालमत्ताकरात काही सूट देण्याचा ठराव तिने करावा. आणि उद्यानांच्या निविदांत हंगामी फुलांच्या वाफ्यांइतकीच जागा, निदान एका कोपऱ्यात, नागरिकांना भाड्याने देण्याच्या भाजीच्या वाफ्यांसाठी राखून ठेवावी.

संस्थांनी मात्र महापालिकेची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, आणि योगायोगाने तोच रब्बीच्या रोपवाटिकेचा मुहूर्त असतो. विषयपत्रिकेवर हा विषय यायचा तर लेखी सूचना सभेच्या नोटिशीपूर्वी सचिवांच्या हाती पडली पाहिजे. तीत लॉनचा नेमका कोणता भाग, किती वाफे, किती भाडे, कोणती मुदत आणि पाणी कोणत्या नळाचे, एवढ्या पाच गोष्टी लिहिल्या म्हणजे पुरे. डासांवरची चर्चा सभेत आपोआप होईल, आणि ती होऊन जाऊ द्यावी. ठराव संमत झाला तर चिरे किंवा विटा दसऱ्यापर्यंत मागवाव्यात, कारण दिवाळीच्या सुट्टीत गवंडी मिळत नाही.